स्टिमॅचचे तीन करंडक

भारतीय फुटबॉल संघाला २०२३ मध्ये तीन करंडक जिंकून देणाऱ्या प्रशिक्षक इगोर स्टिमॅचला काढणं अन्याय होता, हे मत मला अर्धंच पटतं. ते तिन्ही करंडक घरच्या मैदानावरचे: इंफाळ, भुवनेश्वर, बंगळुरू. त्यातल्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यात तर पेनल्टी शूटआउटवर निभावलं. पुढे कतारमधल्या आशिया चषकात तिन्ही सामने हरलो, एकही गोल नाही. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हार, ती तर फार लागली.

पण गोलांचा दुष्काळ एकट्या प्रशिक्षकाचा नव्हे. आयएसएल या देशातल्या क्लब लीगमधले बहुतेक क्लब मधल्या स्ट्रायकरच्या जागी परदेशी खेळाडू उतरवतात, आपली पोरं कडेला, विंगवर ढकलली जातात. सुनील छेत्रीसारख्या स्ट्रायकरचा वारसदार मग तयार कुठे होणार? नवा प्रशिक्षक कितीही मोठा आणा, आधी क्लबांशी हे बोलायला हवं.