टीवायबीए इकॉनॉमिक्स : इलेक्टिव्ह कोणता घेऊ?

तळजाईची_वाट
नमस्कार. मी पुणे विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजात एसवायबीएला आहे. मेजर इकॉनॉमिक्स, मायनर राज्यशास्त्र. टीवायला सक्तीच्या पेपरांसोबत एक इलेक्टिव्ह निवडायचाय. आमच्याकडे दोनच आहेत, कृषी अर्थशास्त्र आणि इकॉनॉमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्राने विश्लेषण). गणित दहावीनंतर सुटलं. पुढे एमए करायचंय. सीनियर म्हणतात, ज्याचं गाइड मिळतं तो घे. शिवाय सहाव्या सेमिस्टरला ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आहे, ती कुठे करू?

एस_फोरवाला
आमच्या पॅटर्नला निवड अशी नव्हतीच. एसवायला जी-२, एस-१, एस-२ आणि टीवायला जी-३, एस-३, एस-४ (जी म्हणजे जनरल पेपर, एस म्हणजे स्पेशल). स्पेशलला आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र आणि सार्वजनिक आयव्यय ठरलेलेच. तौलनिक लाभाचा सिद्धांत (देशाने तुलनेने स्वस्तात बनतं ते बनवावं आणि बाकीचं व्यापारातून घ्यावं) मी पाठ करून लिहिला, मार्कही मिळाले. एमएला पहिल्याच महिन्यात आकडे देऊन तोच सोडवायला सांगितला तेव्हा मला येईना. फार वाईट वाटलं होतं. म्हणून कळकळीने सांगतो, इकॉनॉमेट्रिक्स घे. गाइडवर जाऊ नकोस.

रांगेतला_तिसरा
सहमत. आयआयटी जॅमला (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला) २०२१ पासून इकॉनॉमिक्सचा पेपर आहे, त्यात संख्याशास्त्र आणि गणितही येतं. पण तयारीशिवाय बसलीस तर रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांतून काढणं) म्हणजे नुसती सूत्रं होतील. सुट्टीत अकरावी-बारावीचं संभाव्यता, विकलन, मॅट्रिक्स करून घे. मग प्रसामान्य वितरण, मग परिकल्पना चाचणी. हा क्रम मोडू नकोस. सरावाला रिझर्व्ह बँकेचं सांख्यिकी हँडबुक साइटवर फुकट आहे.

नाशिकची_मावशी
मी हा विषय शिकवते. कृषी अर्थशास्त्र हलकं समजू नका हं. यंदा कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामात लागवड वाढते आणि भाव कोसळतो. कॉबवेब मॉडेल हेच सांगतं, आणि ते नीट मांडायला गणितच लागतं. घरी शेती असेल तर तो पेपर मनापासून घ्यावा. तुझं एमएचं ठरलंय, म्हणून तू इकॉनॉमेट्रिक्स घे आणि शेती ओजेटीत आण. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. कॉलेज परवानगी देत असेल तर बाजार समितीत जा, रोजची आवक आणि भाव स्वतः उतरवून घे. प्रमाणपत्रापुरती जागा शोधू नकोस, बाळा.
आणखी एक. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. चार वर्षं केलीस तर एमए एका वर्षाचं होतं. हा हिशेब आत्ताच कर.

तळजाईची_वाट
मावशी, आमची जुन्नरला कांद्याचीच शेती आहे! बाबांना विचारलं, ते समितीत बोलतो म्हणाले. इकॉनॉमेट्रिक्सचा फॉर्म भरते. अकरावीचं गणिताचं पुस्तक धाकट्या भावाकडून घेतलंय.

रांगेतला_तिसरा
संभाव्यतेपासून सुरू कर. अडलं तर इथेच विचार.