मदत हवी आहे: मास्टर्स इन इटालियन, बोलोन्या की पेरूजा?

गिरगावकर_मुलगी
येत्या सप्टेंबरपासून इटलीत इटालियन भाषा-संस्कृतीत मास्टर्स करायचंय. बोलोन्या की पेरूजा? स्कॉलरशिप मिळते का? कन्सल्टंट दीड लाख मागतोय, द्यावेत का? गूगल करून झालंय, तेव्हा ते सुचवू नका. जरा लवकर सांगा प्लीज.

तळटीप
बीए कशात? इटालियन कुठल्या लेव्हलपर्यंत? सर्टिफिकेट कोणाचं? हे न सांगता बोलोन्या की पेरूजा विचारणं म्हणजे कुठे उतरायचंय ते न सांगता स्लो पकडू की फास्ट विचारणं.

शिवाजीपार्क_काका
इटालियन कशाला? जर्मन करा. काळा घोड्याला मॅक्समुलर भवन आहे, आणि जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी नसते.

तळटीप
काका, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आपल्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. आणि धागा इटालियनचा आहे.

गिरगावकर_मुलगी
बीए सायकॉलॉजी, शेवटचं वर्ष चालू. बी१ झालंय, क्लासचं सर्टिफिकेट आहे. त्याने काय फरक पडतो?

तळटीप
सगळाच पडतो. दोन वर्षांच्या मास्टर्सला, म्हणजे लाउरेआ माजिस्त्रालेला, नुसती पदवी पुरत नाही. प्रवेशसूचनेत 'रेक्विसिती कुर्रिकोलारी' हा भाग शोध. इटालियन साहित्य, भाषाशास्त्र अशा विषयांचे ठरावीक क्रेडिट पदवीत असावे लागतात. सायकॉलॉजीच्या मार्कशीटवर ते कुठून येणार? अर्ज तिथेच बाद होतो आणि कन्सल्टंटचे पैसे परत येत नाहीत.
त्यापेक्षा तीन वर्षांची लाउरेआ, म्हणजे तिकडची पहिली पदवी, बघ. पेरूजा आणि सिएना इथे 'उनिवेर्सिता पेर स्त्रानिएरी', म्हणजे परदेशीयांसाठीची विद्यापीठं, आहेत, खास परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन शिकवण्यातूनच उभ्या राहिलेल्या. शिवाय लाउरेआला प्रवेश बारावीच्या जोरावर मिळतो. ते सर्टिफिकेट तुझ्या हातात आहे, पदवीचं अजून छापायचंय.

गिरगावकर_मुलगी
परत बीए?? घरी काय सांगू?

सिएनावाला
क्लासचं सर्टिफिकेट बाजूला ठेव. इटालियन माध्यमाला साधारण बी२, म्हणजे तुझ्या पुढची लेव्हल, मागतात, आणि सर्टिफिकेट चिल्स, चेली, प्लिदा किंवा रोमा त्रे यांपैकी एका परीक्षेचं लागतं. चिल्सच दे. पाच भाग, प्रत्येकी २० गुण, प्रत्येकात किमान ११ हवेत. एखाद्या भागात गेलीस तर पास झालेले भाग १८ महिने धरले जातात, फक्त राहिलेला द्यायचा. बहुतेक जण व्याकरणाच्या भागात अडकतात, कारण क्लासमध्ये बोलण्यावर भर असतो. आणि जूनच्या परीक्षेवर विसंबू नकोस, निकाल यायला काही महिने जातात.

तळटीप
आधी लेव्हल वाढवू दे, मग परीक्षेचा ब्रँड ठरव. चेलीही तितकीच चालते.

सिएनावाला
चालते, नाही कोण म्हणालं? मी सोय सांगतोय.

नवा_भिडू
मार्को पोलो प्रोग्रॅममधून जा, बी२ची कटकटच नाही!

हिशोबी
मार्को पोलो आणि तुरांदोत चिनी विद्यार्थ्यांसाठी आहेत. पुढे कोणीतरी 'इन्व्हेस्ट युअर टॅलेंट' सुचवेल, त्यात इंजिनिअरिंग, डिझाइन, मॅनेजमेंट असलं येतं, भाषा नाही.
तुझ्या कामाच्या स्कॉलरशिप दोन. एक, इटलीच्या परराष्ट्र मंत्रालयाची. दुसरी त्या त्या प्रांताची, तिथली संस्था देते: बोलोन्याला एर-गो, सिएनाला डीएसयू तोस्काना, पेरूजाला आदिसू. हिचा अर्ज प्रवेशापासून वेगळा असतो आणि मुदत बहुधा उन्हाळ्यात, विमानात बसायच्या आधीच संपते. प्रवेश मिळाला की आपोआप मिळेल या समजात पुष्कळ जण राहतात.
त्यासाठी 'ईझे पारिफिकातो' लागतं, म्हणजे घरचं उत्पन्न आणि मालमत्ता. गंमत अशी की इटलीबाहेरचं घर बाजारभावाने धरत नाहीत, चौरस मीटरला ५०० युरो लावतात. समजा घर ४५० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४२ चौरस मीटर, म्हणून २१,००० युरो. मुंबईकराला याहून चांगली बातमी नाही. मात्र सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर क्षेत्रफळ नसतं. इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, काढ. उत्पन्न ते जानेवारी ते डिसेंबर धरतात, आपले कागद एप्रिल ते मार्चचे, तेव्हा दोन वर्षांचे जवळ ठेव.

पार्ल्याची_मावशी
बाळा, कुकर इंडक्शनच्या बुडाचा घे. आणि तिकडच्या प्लगला तीन गोल पिना एका ओळीत असतात, इथला ॲडॅप्टर बसेलच असं नाही.

गिरगावकर_मुलगी
थँक्यू मावशी. पण कागदांचा क्रम कोणी सांगेल का?

तळटीप
आधी बारावीच्या सर्टिफिकेटवर राज्याचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र खात्याची अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, मग इटालियन भाषांतर. त्यानंतर चिमेआ या इटलीतल्या पदवी-तुल्यता केंद्राचं पत्र किंवा वकिलातीकडून 'दिकियाराझिओने दि वालोरे', म्हणजे सर्टिफिकेटचं मूल्य सांगणारं पत्र, विद्यापीठ मागेल ते. उलट क्रमाने केलंस तर अपोस्टीलचा शिक्का भाषांतरात येत नाही, भाषांतराचे पैसे दोनदा जातात. याच्या जोडीला युनिव्हर्सिटाली या इटलीच्या सरकारी प्रवेश-पोर्टलवर पूर्वनोंदणी. विद्यापीठाने ती मान्य केली की तिची प्रत व्हिसाला. खर्चासाठी वर्षाला साधारण सात हजार युरो दाखवावे लागतात.
नाव तपास. पदवीच्या मार्कशीटवर तुझ्या नावाला आईचं नाव जोडलेलं असतं, पासपोर्टवरच्या तुझ्या नावात ते नसतं. एकाच व्यक्तीची ही दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेव.
यात दीड लाखाचं काम कुठलं ते मला दिसत नाही.

गिरगावकर_मुलगी
ओके. आमचं घर पागडीचं आहे. इंडेक्स टू नाहीच मग?

हिशोबी
पागडी म्हणजे कागदोपत्री भाडेकरू. मालकी नाही, तर मालमत्तेत धरायला घरच नाही. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे?

गिरगावकर_मुलगी
आजोबांच्या. ते २०११ मध्ये वारले.

हिशोबी
मग इटली नंतर. आधी पावती बाबांच्या नावावर करून घ्या.