मदत हवी आहे : अकरा अंडी घातली, दोन आतच राहिलीत. थांबू की डॉक्टर गाठू?

माझ्याकडे कॉर्न स्नेकची मादी आहे, केशर. वय साडेचारच्या आसपास, लांबी सव्वाशे सेंटीमीटर. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकांना सांभाळणं जमेना म्हणून माझ्याकडे आली, तेव्हापासून एकटीच आहे. नर नाही, तर अंडी कुठून येणार, असं मी गृहीत धरून बसले होते. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते हे रोज बघूनही डोक्यात प्रकाश पडला नाही.

महिन्याभरापूर्वी तिनं खाणं सोडलं. शेपटीकडची बाजू जाड दिसायला लागली, मला वाटलं पोट साफ होत नसेल. मग कात टाकली. एरवी कात टाकली की उंदरावर तुटून पडते, या वेळी तोंड फिरवलं आणि रात्र रात्र काचेला नाक घासत फेऱ्या मारत राहिली. बाराव्या रात्री, म्हणजे रविवारी, पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसली. सोमवारी सकाळी बघते तर भांड्यात अंडी! दुपारपर्यंत अकरा झाली. पिवळट, आकारानं लहानमोठी, बोटाला कडक लागणारी. तीन-चार एकमेकांना चिकटलेली.

त्यानंतर काहीच नाही. पोटाखालून हलकेच बोट फिरवलं की अजून दोन गाठी लागतात. एक शेपटीच्या मुळाशी जे छिद्र असतं त्याच्या चार बोटं वर, दुसरी तिच्यापुढे वीतभर अंतरावर. मागची जास्त मोठी वाटते. आज बुधवार रात्र. वजन आधी ६४० ग्रॅम होतं, आता ५१५. जीभ काढते, मनगटाला विळखाही घट्ट घालते, म्हणजे तशी ठीक दिसते. काल कोमट पाण्यात बसवलं, उपयोग झाला नाही.

किती दिवस वाट बघायची? ज्यांनी मला साप दिला ते म्हणतात, तेल लावून अंगठ्यानं अंडं हळूहळू मागे सरकवत आण. माझा हात धजत नाहीये. कुणी केलंय का?

प्रतिसाद

घाबरू नका. माझ्या मादीनं शेवटचं अंडं सहा दिवसांनी टाकलं होतं. आपोआप होतं सगळं.

प्रतिसाद

वरच्यांचं नशीब चांगलं होतं, त्यावर विसंबू नका.

ताई, पहिली गोष्ट, तो अंगठा लांब ठेवा. अंडं आत राहिलं की त्याचं कवच अंडनलिकेच्या भिंतीला धरून बसतं, आणि ही भिंत ओल्या कागदाइतकी पातळ असते. बाहेरून सरकवायला गेलात तर अंडं जागचं हलत नाही, भिंत फाटते. बलक पोटात पसरला की जंतुसंसर्ग. नाही फाटली तर कधी कधी नलिकाच अंड्यासोबत उलटी होऊन बाहेर येते. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय. दाबणारा माणूस चांगला जाणकार होता, साप वाचला नाही.

आता तुमच्याकडे काय बिनसलं ते बघू. अंडी घालायला डबा ठेवला होता का? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे नसावा. मादी रात्रभर काचेला नाक घासत फिरते ती जागा शोधत असते. ओलसर, काळोखी, अंग चेपून बसता येईल अशी जागा मिळाली नाही की ती अंडी धरून ठेवते आणि शेवटी नाइलाजानं पाण्याच्या भांड्यात टाकते. भांड्यातली अंडी बघितली की बहुतेक वेळा डबा नव्हता असं समजावं. दुसरं, सव्वाशे सेंटीमीटरला ६४० ग्रॅम, अंडी धरूनसुद्धा, जरा जास्तच. दर आठवड्याला मोठा उंदीर चालू असणार. गुबगुबीत मादीच्या अंगात कळा काढायचा जोर कमी पडतो.

आजच्या रात्री एवढंच करा. ती आत वळून बसेल एवढा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, झाकणाला तिच्या अंगाच्या दीडपट भोक, आत मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) भिजवून घट्ट पिळून भरा. पाणी टपकता कामा नये. उबेच्या बाजूला ठेवा, डब्यातलं तापमान २८ अंशांच्या आसपास. टाकीवर चादर टाका आणि दार उघडून बघत बसू नका. खायला देऊ नका, पाणी असू द्या. सकाळपर्यंत काही झालं नाही तर सापांवर उपचार करणारा डॉक्टर गाठा. छिद्रातून लालसर मांस डोकावलं, घाण वासाचा स्राव आला, मान टाकली किंवा तोंड उघडून श्वास घ्यायला लागली तर सकाळचीही वाट बघायची नाही.

आणि “तशी ठीक दिसते” यावर जाऊ नका. साप आजारी पडला तरी फार उशिरापर्यंत ठीकच दिसतो.

प्रतिसाद

पशुवैद्य आहे. साप रोज येत नाहीत माझ्याकडे, तरी थोडं लिहितो.

अंडी घालणं साधारण एक-दोन दिवसांत आटपतं. मधेच थांबलं तर पहिले ४८ ते ७२ तास कामाचे. नंतर अंड्यातला द्रव आळायला लागतो, आणि मग सोपे उपाय एकेक करून हातचे जातात. तुम्ही त्या रेषेवर उभ्या आहात.

डॉक्टर आधी एक्स-रे किंवा सोनोग्राफी करतील. प्रश्न एकच असतो, वाट मोकळी आहे की अडलेली. मोकळी असेल तर ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा आणणारं, इंजेक्शन देऊन बघतात. कासवांत ते छान चालतं, सापांत बेभरवशाचं. वाट अडलेली असताना मात्र ते द्यायचंच नाही. पुढे अंडं अडकलेलं आणि मागून कळा, म्हणजे नलिका फाटायला आमंत्रण. अशा वेळी पोटाकडच्या खवल्यांच्या मधून सुई घालून अंड्यातला द्रव ओढून घेतात. अंडं चपटं होतं आणि बऱ्याचदा एक-दोन दिवसांत बाहेर येतं. आळलेलं अंडं सुईला दाद देत नाही, मग शस्त्रक्रिया. सापाची नलिका लांबच लांब, त्यामुळे अंडी दूर दूर असली तर चिरेही एकाहून जास्त घ्यावे लागतात.

म्हणून सांगतो, गुरुवार जाऊ देऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. डबा नव्हता, आणि दर आठवड्याला मोठा उंदीरही खरा. दोन्ही बरोबर ओळखलंत.

रात्री डबा ठेवला. पंधरा मिनिटांत आत गेली आणि मॉस नाकानं ढकलून ढकलून खड्डा केला. बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं, बिचारी एवढंच शोधत होती. पण अंडं आलं नाही. सकाळी निघालो.

एक्स-रेत दोन फिक्या सावल्या दिसल्या. मागची वाकडी, एका टोकाला फुगलेली, बाकीच्या अंड्यांच्या जवळजवळ दीडपट. तीच वाट अडवून बसली होती, म्हणून इंजेक्शन नाही. भूल देऊन सुईनं द्रव काढला. दाट, मोहरीच्या फेसासारखा पिवळा, सुरुवातीला सुईत येईना. डॉक्टर म्हणाले, उद्या आला असतात तर द्रव निघालाच नसता. घरी आल्यावर पुन्हा डबा, चादर, अंधार.

शुक्रवारी पहाटे मॉसवर सुरकुतलेली, खजुराच्या सालीसारखी एक पिशवी पडली होती. संध्याकाळी पुढचं अंडं आपलं आपण आलं, अख्खं. परत नेऊन तपासलं, आत काही नाही. जंतुसंसर्गाची भीती म्हणून इंजेक्शनं चालू आहेत. पुढच्या आठवड्यात एक लहान उंदीर द्यायचा, नेहमीच्या निम्म्या आकाराचा, आणि तो पचला की मगच दुसरा.

आता हे दर वर्षी होणार का?

प्रतिसाद

होऊ शकतं. नर असो नसो. कॉर्न स्नेक एकाच मोसमात दोन-एक महिन्यांनी दुसऱ्यांदाही अंडी घालतात, तेव्हा डबा काढू नका. वजन हळूहळू उतरवा, उपाशी ठेवून नाही. खाणं सोडलं आणि कात टाकली की त्या दिवसापासून तारीख लिहून ठेवा, अंडी पुढच्या दोन आठवड्यांत धरायची.

प्रतिसाद

माझीही मादी काल रात्रीपासून काचेला नाक घासतेय. कात सात दिवसांपूर्वी टाकली. मॉस मिळालं नाही तर डब्यात ओला टिशू पेपर चालेल का?

प्रतिसाद

चालेल, दोन दिवसांपुरता. पिळून घाला आणि आजच ठेवा.