मदत हवी आहे: सॉर्टेड इंडेक्सवर ग्रुपिंगचा एपीआय कसा ठेवावा?

मंडळी, एका छोट्या लायब्ररीचा एपीआय (बाहेरच्या कोडने ती कशी वापरायची याची रचना) ठरवताना अडलोय. डेटा बी-ट्री इंडेक्समध्ये (झाडासारख्या रचनेच्या सूचीत) आहे, म्हणजे कीनुसार (ज्या मूल्यावरून नोंद शोधतात त्यानुसार) आधीच सॉर्ट झालेला. एका कीच्या नोंदी शेजारीशेजारीच येतात, त्यामुळे त्यांचे ग्रुप करायला हॅश टेबल (कीवरून नोंदी गोळा करणारा तक्ता) बांधायची गरज नाही.

प्रश्न आहे तो कॉलरच्या (लायब्ररी वापरणाऱ्या कोडच्या) हातात काय द्यायचं हा. प्रत्येक ग्रुपची लिस्ट दिली तर वापरायला सोपं, पण एकाच कीखाली लाखो नोंदी निघाल्या तर मेमरीचं काय? इटरेटरच्या (एकेक गोष्ट क्रमाने देणाऱ्या ऑब्जेक्टच्या) आत इटरेटर दिला तर पायथॉनच्या इटरटूल्समधल्या ग्रुपबायसारखं होतं: बाहेरचा पुढे सरकला, आधीचा ग्रुप रिकामा. नवखे इथे हमखास फसतात, आणि एररही येत नाही!

सध्या मन कर्सरकडे (इंडेक्समधली सध्याची जागा धरून ठेवणाऱ्या ऑब्जेक्टकडे) झुकतंय. ग्रुप अर्धवट सोडला तर थेट पुढच्या कीवर सीक, म्हणजे मधल्या नोंदी न वाचता उडी. मोठ्या ग्रुपला हे उत्तम, पण दोन-चार नोंदींसाठी दरवेळी रूटपासून (झाडाच्या मुळापासून) शोध म्हणजे उलट महागच. मग सीक करायचं का नुसतं पुढे सरकायचं, हे लायब्ररीने ठरवावं का कॉलरने? शिळा (पुढे सरकल्यावर मागे राहिलेला) ग्रुप वापरल्यास सरळ एक्सेप्शन टाकावं का? भाषा जावा आहे, त्यामुळे रस्टसारखं लाइफटाइम (रेफरन्स कुठवर वैध आहे ते) तपासायला कंपायलर मदतीला येणार नाही. कोणी असं काही बांधलं असेल तर सांगा.