‘टिपं गाळणं’ आणि ‘डोळे पाणावणं’

परवा घरी टीव्हीवर ‘माहेरची साडी’ लागला होता. 1991 चा सिनेमा, अलका कुबलचा छळ आम्हाला प्रसंगागणिक पाठ, तरी आई पदराने डोळे पुसत होती. काका दारातून डोकावून म्हणाले, “वहिनी, बसलात का पुन्हा टिपं गाळत?” हेच काका ‘श्यामची आई’ (1953) बघताना चष्मा काढून पुसतात. तेव्हा घरात म्हणतात, “काकांचे डोळे पाणावले.”

या दोन वाक्यांचं व्याकरण बघा. ‘डोळे पाणावले’ यात कर्ता डोळे. ‘कंठ दाटून आला’ यात कर्ता कंठ. ‘गहिवरून आलं’ तर भावकर्तृक, तिथे वेगळा कर्ता सापडतच नाही. माणसाने काही केलेलं नाही, त्याच्या बाबतीत ते घडलं. ‘टिपं गाळणं’ मात्र सकर्मक. ती गाळते, टिपं हे कर्म. शिवाय त्याला बहुतेकदा ‘-त बसणे’ चिकटतं, म्हणजे कामधंदा सोडून केलेला उद्योग. पाणी दोघांच्या डोळ्यांतलं, बाईच्या दुःखाच्याच गोष्टीवरचं, पण एकाची ती संवेदनशीलता आणि दुसरीची ‘बायकी आवड’.

हसण्याचंही असंच. पुरुष सातमजली हसतात, बायका खिदळतात.

तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद 1
रडणाऱ्या पुरुषाला ‘रडतराऊत’ आहेच की! मग शब्द एकतर्फी कसे?

प्रतिसाद 2
दादा, ‘रडतराऊत’ अश्रूंसाठी नाही. राऊत म्हणजे घोडेस्वार. मनात नसताना घोड्यावर बसवलेला, कामाला कुरकुरत निघणारा तो रडतराऊत. खऱ्या रडण्याला शब्द ‘रडूबाई’, आणि तो मुलग्यालाही लावतात. माझ्या भावाला लहानपणी सगळे “काय रडूबाईसारखा करतोस” म्हणायचे. मुलगा रडला तरी नावात बाईच.

प्रतिसाद 3
आवडीवरून पुरुषांनाही हिणवतात. ‘सोंगाड्या’पासून (1971) दादा कोंडक्यांच्या सिनेमांना गर्दी करणाऱ्यांना ‘पिटातला प्रेक्षक’ म्हणणारे पांढरपेशे थोडे नव्हते.

मूळ लेखिका
ताई, ‘रडूबाई’ माझ्या लक्षातच आला नव्हता, मनापासून आभार.

पिटाचा मुद्दा खरा आहे, पण ‘पिटातला’ हा शब्द तिकिटाच्या दरावरून आला. चार पैसे जास्त मोजले की माणूस बाल्कनीत. ‘बायकी’ला असं वरचं तिकीट नाही. आणि त्याच विनोदाला पुरुषांसाठी ‘रांगडा’ हे कौतुकाचं विशेषण मिळतं. बाई मोकळेपणी हसली तर ‘चावट’ कोण ठरतं? विनोद नाही, ती.

षष्ठीचा प्रत्ययही बघा. 2022 मध्ये ‘पावनखिंड’ला लोक घोषणा देत होते, मीही दिल्या, अंगावर काटा आला होता. त्याला ‘पुरुषांचा सिनेमा’ असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. तो सगळ्यांचा, आणि तसा असावाच. पुढच्या वर्षी ‘बाईपण भारी देवा’ आला. बायका नऊवारी नेसून, नथ घालून, मैत्रिणींचे घोळके करून गेल्या, थिएटरात नाचल्या. तो लगेच ‘बायकांचा सिनेमा’ झाला. माझ्या ऑफिसातला एक सहकारी तो बघून आला आणि म्हणाला, “बायकोला घेऊन गेलो होतो.” त्याला आवडला होता, दोनदा आवडला म्हणाला, पण ‘बघितला’ हे क्रियापद काही त्याच्या तोंडून निघालं नाही. मला त्याचंही वाईट वाटलं.

बेळगाव, गोवा, विदर्भ, खानदेश इथल्या लोकांनी जरूर लिहा. पुरुष प्रेक्षकाने ‘टिपं गाळली’ असं कुणी खरोखर ऐकलं असेल तर पूर्ण वाक्य द्या, आणि ते कोण कुणाला म्हणालं तेही.