बाबांनी खाणं सोडलंय. नळी घालावी का, आणि त्यांच्याशी हे बोलायचं कसं?

कातरवेळ:
नमस्कार, कुठे विचारावं कळत नव्हतं म्हणून इथे लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. बाबा ७८ वर्षांचे, फुप्फुसाचा कॅन्सर, आता यकृतात आणि हाडांत पसरलाय. डॉक्टर म्हणाले केमो थांबवूया, आता त्रास कमी कसा होईल तेवढंच बघायचं. ते घरीच आहेत. आठवडा झाला खाणं जवळजवळ बंदच, दोन चमचे घेतात आणि तोंड फिरवतात. आई दर थोड्या वेळाने वाटी घेऊन जाते, "एकच घास, माझ्यासाठी" म्हणते, ते तिच्यासाठी तोंड उघडतात पण घास गालात तसाच धरून बसतात, गिळत नाहीत. आई बाहेर गेली की मी तो बोटाने काढते. दिवसातून चारदा तरी हे होतं. दादा म्हणतो नाकातून नळी घालून घेऊ, आपण काय त्यांना उपाशी मारायचं का. यावर घरात कुणाकडेच उत्तर नाहीये.

दुसरं म्हणजे, बाबांना सगळं कळलंय असं मला वाटतं पण आम्ही त्यांच्यासमोर "हळूहळू बरं वाटेल" असंच बोलतो. परवा त्यांनी हातातलं घड्याळ काढून मला दिलं, म्हणाले रोज सकाळी किल्ली द्यायची, विसरायचं नाही. मी म्हटलं तुम्हीच द्या की, आणि विषय बदलला. तेव्हापासून झोप नाही. ते समोर असतानाच मला रडू फुटतं, जणू गेलेच. हे नॉर्मल आहे का?

रात्रपाळी:
ताई, मी पॅलिएटिव्ह वॉर्डात नर्स आहे, म्हणजे गंभीर आजारात दुखणं, त्रास कमी करण्यावर भर देतात तो वॉर्ड. दादांचा प्रश्न मी बहुतेक प्रत्येक घराकडून ऐकलाय आणि तो प्रेमातूनच येतो, त्यांच्यावर रागावू नका. पण त्यांना एवढं सांगा की बाबा खात नाहीत म्हणून जात नाहीयेत, जायची वेळ जवळ येतेय म्हणून खाणं सुटतंय. या टप्प्यावर शरीराला अन्न नीट वापरता येत नाही, भूक मरते, आणि आपल्याला उपाशी राहिल्यावर जसं होतं तसं त्यांना बहुधा होत नाही. शेवटच्या दिवसांत नळीने आयुष्य वाढतं असं दिसत नाही. उलट नळी टोचते, माणूस ती ओढतो मग हात बांधावे लागतात, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायची भीती असते. सलाइन जास्त झालं तर अंगावर सूज येते, छातीत घरघर वाढते. एकदा डॉक्टरांना तोंड आणि पोट मात्र तपासायला सांगा, कारण तोंडात बुरशी, मळमळ, बद्धकोष्ठ यामुळेही खाणं सुटतं आणि त्यावर साधे उपाय असतात.

तुम्ही गालातला घास काढता ते अगदी बरोबर करताय, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. पण आता घास भरवणंच थांबवा, त्यांनी मागितलं तर मागतील तेवढंच, बसवून, थेंब थेंब. आणि आईच्या हातातली वाटी नुसती काढून घेऊ नका, त्या बाईला काहीतरी करायला हवंय. तोंड कोरडं पडणं हा खरा त्रास असतो, तर आईला ते काम द्या. स्पंजची काडी किंवा मऊ स्वच्छ कापड पाण्यात बुडवून नीट पिळायचं, ओठ, हिरड्या, जीभ हळूच पुसायची, दर एक-दोन तासांनी. ते दात आवळत असतील तर बोट आत घालायचं नाही. मग ओठांना व्हॅसलिन, पण ऑक्सिजन लावलेला असेल तर व्हॅसलिन नको, पाण्यात विरघळणारं जेल घ्या.

पुढे काय दिसेल तेही सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाही. झोप वाढेल, हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसेल, श्वास खोल मग उथळ मग काही सेकंद थांबेल आणि पुन्हा सुरू होईल. घशातली घरघर ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, त्यांना बहुधा जाणवत नसते, कुशीवर वळवलं की कमी होते. धाप लागली तर डॉक्टर मॉर्फिन देतील, योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने मरण ओढवत नाही, धाप निवते. शुद्ध हरपली तरी बोलत राहा, ऐकू येत असण्याची बरीच शक्यता असते.

उंबरठा:
माफ करा पण मला हे पटत नाही. पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकणंच झालं ना? शेवटपर्यंत लढायला नको का?

रात्रपाळी:
तसं नाहीये. २०१० साली १५१ लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचेच पेशंट होते. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह केअर मिळाली त्यांच्यात शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी झाले, तरी ते जास्त जगले, मध्यक (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले) ११.६ महिने, बाकीच्यांचा ८.९. नैराश्यही कमी होतं. ताईंच्या बाबांची वेळ त्याच्या पुढे गेलीय, पण धाप, दुखणं, भीती यांच्याशी लढाई अजून चालूच आहे की.

पैलतीर:
मी आईला विचारलं नाही. वेळ आहे, वेळ आहे म्हणत राहिलो आणि एका रात्री तिला दम लागला, आम्ही उचलून आयसीयूत नेलं, व्हेंटिलेटर लावला, अकरा दिवस. हृदय थांबल्यावर छाती दाबली तेव्हा बरगड्या मोडल्या, ते मी दाराच्या काचेतून बघितलं. तिला हे हवं होतं का, मला आजही माहीत नाही. डॉक्टरांची चूक नव्हती, त्यांना नको म्हणून सांगणारं कुणी नव्हतं.

ताई, ते घड्याळ म्हणजे बाबांनी दार उघडलं होतं. ते अजून उघडंच आहे. मरणाबद्दल विचारायची गरज नाही, असं विचारा, "बाबा, सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? काय अजिबात नको?" आणि मग गप्प बसा, कितीही वेळ लागला तरी. ते म्हणतील ते लिहून ठेवा. हॉस्पिटलात न्यायचं की नाही, व्हेंटिलेटर, हृदय थांबलं तर छाती दाबायची का, आणि त्यांना बोलता आलं नाही तर निर्णय कुणी सांगायचा, एकच माणूस, नाहीतर तुम्ही आणि दादा बेडपाशी भांडाल जसे आम्ही भांडलो. कायदा देशोदेशी वेगळा आहे, त्यामुळे कागद कसा करायचा ते डॉक्टरांना विचारा, पण कागद नंतर, आधी बोलणं.

सांजवात:
रडण्याबद्दल लिहिते. माणूस जायच्या आधीच शोक सुरू होतो, नॉर्मल आहे, त्याचा अर्थ तुम्ही त्यांना मनातून सोडलंत असा नाही. आणि आत्ता रडलात म्हणून नंतरचं कमी होईल असंही नाही, माझं तरी झालं नाही. ते शोकाचे पाच टप्पे सगळे सांगतात ना, नकार, राग वगैरे, ते मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी तो जिना नाहीच मुळी. मला त्यापेक्षा शोकाचा अभ्यास करणाऱ्या स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं जास्त पटलं, की माणूस दुःखात आणि रोजच्या कामात असा हेलकावत राहतो. सकाळी बिल भरताना मी ठीक असायचे आणि दुपारी नवऱ्याचा चष्मा हाताला लागला की संपलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. मात्र महिनोन् महिने काहीच हलत नसेल, जगणंच अडून बसलं असेल, तर मदत घ्या.

कातरवेळ:
सगळ्यांची खूप आभारी आहे. रात्रपाळींचा मेसेज दादाला वाचून दाखवला, तो काही बोलला नाही, बराच वेळ गॅलरीत उभा राहिला आणि आत येऊन म्हणाला नळी नको. मग संध्याकाळी मी बाबांसमोर घड्याळाला किल्ली दिली आणि विचारलं काळजी कशाची वाटते. ते म्हणाले तुझ्या आईची, तिला रात्री एकटी झोपवू नका. मग म्हणाले मला इथून हलवू नका. एवढंच. मी लिहून ठेवलंय तारखेसकट, उद्या डॉक्टरांशी बोलते. आई आता वाटी नेत नाही, त्यांचे ओठ पुसते, आणि आज त्यांनी तिचा हात धरून ठेवला.
एक विचारायचं राहिलं, स्पंजची काडी धुऊन परत वापरली तर चालते का?

रात्रपाळी:
नाही, प्रत्येक वेळी नवीन घ्या, आणि स्पंज काडीवर घट्ट बसलाय ना ते आधी ओढून बघा. रात्री काही लागलं तर इथे लिहा, मी जागीच असते.