सिझेरियननंतरची डोकेदुखी आता आडवं होऊनही थांबत नाही

नवी आई: सिझेरियनला आज ९ दिवस. पाठीतल्या इंजेक्शननंतर उठून बसलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की गप्प. कालपासून मात्र झोपूनही ठणकतंय, नजर धूसर. सासूबाई म्हणतात, वारं लागलं, कानात कापूस घाल.

दोन मुलांची आई: कापूस राहू दे, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत जा गं! माझंही असंच झालेलं. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपलं की मेंदूतल्या शिरा फुगतात, रक्त संथ होतं. त्यात बाळंतिणीचं रक्त गोठायला टपलेलंच. दुखण्याची तऱ्हा बदलली, हीच शिरेत गुठळी झाल्याची खूण असू शकते. एमआर व्हेनोग्राफीचं, म्हणजे मेंदूतल्या शिरांच्या एमआरआयचं विचार. साध्या सीटीत माझी गुठळी दिसलीच नव्हती.

नवी आई: बाळ अंगावर पितंय, औषधं चालतील?

दोन मुलांची आई: मला हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन होतं, पाजणं चालूच होतं. निघालीस का?

नवी आई: रिक्षात बसलेय.